डास सिस्टरचे अकरा दिवस

कॅन्सरच्या केमो विभागात तिला तोंडावर सगळे सिस्टर म्हणत आणि पाठ फिरली की डास. सुई कधी टोचली ते पेशंटला कळतच नसे, म्हणून. ही पदवी तिच्या कानावर गेली होती. खरं सांगायचं तर ती तिला आवडायचीही, फक्त तसं दाखवायची नाही.

तिची युक्ती साधी होती. केमोने शिरा कडक होतात, आणि माणूस घाबरला की आत दडून बसतात. ही हात हातात घेऊन गप्पा सुरू करी. कुठल्या डॉक्टरचं कुणाशी बिनसलं, लिफ्टवाल्याच्या मेव्हणीचं लग्न तिसऱ्यांदा का मोडलं. पेशंट "मग काय झालं?" म्हणेपर्यंत सुई आत. अर्ध्या बातम्या ती जागच्या जागी रचते, हे एकोणीस वर्षांत कुणाला कळलं नाही.

मग साथ आली. बारा खुर्च्यांच्या सहा झाल्या, नातेवाईक फाटकाबाहेर गेले आणि भिंतीवर 'कामापुरतेच बोला' अशी पाटी लागली. सासूबाईंचा दमा जुना, म्हणून नवरा त्यांना आणि मुलीला घेऊन थोरल्या दिरांकडे राहायला गेला. दोन खोल्यांत ही एकटी. एकीत टीव्ही चालू ठेवून दुसरीत बसायची, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून.

भीतीने न येणाऱ्या पेशंटांना फोन करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. त्यांत गणिताचे एक निवृत्त मास्तर होते. दोन डोस चुकवलेले.

"मास्तर, गाठीला काही लॉकडाऊन नसतो."

"आणि तुमच्याकडून तो दुसरा रोग घेऊन घरी आलो तर?"

"मी आहे ना. माझ्या जबाबदारीवर या."

मास्तर आले. बायकोला फाटकावर सोडून, हात पुढे करून बसले. कामाची एकच शीर उरली होती, तीही गायब. सिस्टर मास्कआडून बोलत होती, पण मास्तरांना ऐकू कमी. ते ओठ बघून समजून घेणारे. तिसऱ्यांदा "काय म्हणालात?" आलं, तेव्हा तिने इकडंतिकडं पाहिलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला. मेव्हणीचं चौथं लग्न लावून दिलं. मास्तर हसले, शीर वर आली. एक मिनिट, फार तर दीड.

दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. चौदा दिवस घरातच राहायचं. विभागप्रमुखांना तिने सगळं सांगून टाकलं आणि मुकाट्याने बोलणी खाल्ली. मास्तरांना फोन लावायला मात्र तासभर गेला.

"मास्तर, त्या दिवशी मी मास्क..."

"कळलं. म्हणजे आता रोज माझी चौकशी करणं आलं तुम्हाला. सकाळी दहाला करा. आमच्याकडे उशीर चालत नाही."

केमोनंतर शरीरात लढायला काही उरत नाही, हे तिने त्या खुर्च्यांवर डोळ्यांनी पाहिलं होतं. रोज दहाला ती श्वास धरून नंबर लावी.

"ताप किती, मास्तर?"

"अठ्ठ्याण्णव. तुमचा?"

"शंभर."

"बघा, इथेही माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त. पुढेपुढे करायची सवयच तुमची."

ती हसे, मग खोकत राही. दिवसातलं बोलणं तेवढंच. मुलीला ती 'बरी आहे' यापलीकडे काही सांगत नसे.

अकराव्या दिवशी मास्तरांनी फोन उचलला नाही. सव्वादहा झाले, अकरा झाले. माझ्या जबाबदारीवर या, हे आपलेच शब्द तिला भिंतींतून ऐकू येऊ लागले. बाराला त्यांच्या बायकोने उचलला.

"अहो, झोपलेत ते. काल त्यांचा दुसरा रिपोर्टही आला, निगेटिव्ह. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं बघा. आता रोज फोनची तसदी नका हो घेऊ."

"तसदी कसली, ताई. बरं झालं."

तिला एकदम हलकं वाटलं. भिंतीला टेकून ती पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी दहाला ती सवयीने फोन घेऊन बसली. जरा वेळाने मुलीला लावला. मुलीचा वर्ग चालू होता. "नंतर करते गं आई," म्हणून तिने ठेवला. अजून तीन दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं.