ती ओरडली नव्हती

हे एवढं वाक्य म्हणायला मला बावीस वर्षं लागली, आणि म्हणून झाल्यापासून मला जागेवर बसवत नाही. वर्गात फळ्याकडं वळलो तरी हसू येतं. मी न बोलणारा माणूस. घरातल्यांना वाटतंय मला काहीतरी झालंय.

भोकरच्या पलीकडं एका गावात मी विज्ञान शिकवतो. देव मानत नाही, हे गावाला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. तरुणपणी रविवारी गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करत हिंडायचो. पाण्यानं दिवा पेटव, नारळातून करणी काढ, असले. त्या दिवसांतल्याच एका नवरात्रात दोन मित्र माझ्याकडं आले होते. देवळात आरती चालू असताना एका बाईच्या अंगात आलं. शेतात राबणारी, माहूरला दरवर्षी न चुकता जाणारी बाई. केस मोकळे, डोळे मिटलेले, घुमत होती. हे ढोंग आहे असं मित्रांना दाखवायचं म्हणून मी खिशातली टाचणी काढली आणि तिच्या डाव्या दंडात टोचली.

रक्ताचा थेंब आला. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, परत मिटले आणि घुमत राहिली. तोंडातून शब्द नाही.

पुढच्या रविवारी देगलूरला प्रयोग होता. लोक जांभया देत होते. मी टाचणीचा किस्सा काढला आणि शेवटी तोंडातून निघून गेलं, "मग देवी काय म्हणाली? आई गं, मेले!" असा हशा पिकला की विचारू नका. मग तो किस्सा माझा हुकमी झाला. उदगीरला सांगितला, लातूरच्या कॉलेजात सांगितला. लोकांकडं पुरावा मागत फिरणारा मी, आणि माझाच पुरावा बनावट.

गावाचं नाव घेत नव्हतो, पण गोष्टींना पाय असतात. वर्षभरात गाव तिला 'आईगंबाई' म्हणायला लागलं. ती हातपंपावर घागर भरत असली की पाठीमागून कुणीतरी विव्हळायचं, "आई गंऽ!" मी ते ऐकायचो आणि सायकल जोरात हाणायचो.

मागच्या निवडणुकीत सरपंचपद बाईमाणसासाठी सुटलं आणि तीच सरपंच झाली. अजूनही तिच्या अंगात येतं. यंदा सोयाबीन काढताना एका मजूर बाईला पान लागलं. आमच्याकडं साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. लोकांनी तिला उचलून थेट देवळात, सरपंचबाईंपुढं आणलं. बाईंनी अंगारा लावला आणि लगेच जीप बोलावून तिला नांदेडच्या दवाखान्यात धाडलं. जीव वाचला, पण थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाई शाळेच्या दारात उभ्या.

"सर, नवरात्रात देवळापुढं तुमचा कार्यक्रम लावायचा हाय. पान लागल्यावर काय करायचं, काय न्हाई, समदं सांगा. लोक आधी माझ्याकडं येऊन राहिलेत. त्यातच येळ जातो."

"मी? देवळापुढं?"

"का? देवी काय भिते व्हय तुमाला?"

"मी देवीबद्दल वाईट काही बोलणार नाही, मावशी."

"तुमाला न्हाई पटत तर न्हाई म्हणा की. माझी देवी काय इलेक्शनला उभी हाय, तुमचं एक मत न्हाई पडलं म्हणून पडायला?"

टाचणीचा शब्द त्यांनी काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला देवळापुढचा मांडव भरला. पहिल्यांदाच खडू हातात घेतल्यासारखा मी उभा राहिलो आणि सांगायला लागलो. जखमेवर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, चालवू नका, दवाखाना गाठा. लोक मन लावून ऐकत होते. शेवटी सरपंचबाई उठल्या. "देवीचा अंगारा गाडीत बसल्यावर लावा," एवढं म्हणाल्या, तोच मागून आवाज आला, "आई गंऽ!"

मांडव फिसकन हसला. बाईंनी माइक खाली केला. तेवढ्यात दिसलं मला: पुढचं पान लागलं की 'आधी गाडीत बसा' हे हिचं सांगणं हीच माणसं हसण्यावारी नेणार. मी माइक मागून घेतला.

"ती ओरडली नव्हती," मी म्हणालो. "टाचणी मी टोचली. 'आई गं' मी पदरचं जोडलं. इतकी वर्षं खोटं सांगत आलो. देव मानत नाही म्हणून खोटं बोलायची सूट नाही मला."

मग पुढच्या रांगेतले एक म्हातारबा मांडीवर थाप मारून उठले, "मंजे देवी खरीच व्हती की! सरांनीच सांगितलं!"

टाळ्या पडायला लागल्या. याच भीतीनं तर इतकी वर्षं तोंड शिवलं होतं.

बाईंनी माइक ओढला. "बसा हो आबा खाली. लई दुखलं व्हतं टोचलं तवा. देवी अंगात आली तरी दंड माझाच हाय न्हवं? ओरडले न्हाई, कारण आरती चालू व्हती."

मांडव खदखदून हसला. आबाही हसले, मीही हसलो. ते हसणं कुणाला टोचत नव्हतं.

मंडळी आरतीला आत गेली. मी पायरीशी थांबलो. बाई बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "माफीबिफी ऱ्हाऊ द्या. जिथं जिथं सांगितलं, तिथं तिथं जाऊन खरं सांगा. मी येते संगं."

"तुम्ही कशाला?"

"तुमी परत काय जोडलं तर?"

देगलूर झालं, उदगीर झालं. एसटीत त्या खिडकीशी बसतात. वाटेत देऊळ दिसलं की हात जोडतात, आणि मला सांगतात, "तुमी नका जोडू, पिशवी धरा." आता लातूर. पण तिथं त्या दिवशी हसलेली पोरं कुठल्या कुठं पांगली. त्यांच्यापर्यंत एसटी जात नाही, म्हणून हे लिहिलं.

लिहून बाईंना वाचून दाखवलं. एकाच जागी त्यांनी थांबवलं.

"उजवा न्हाई, सर. डावा दंड."

खोडून डावा केला.