जन्मभराचं बिऱ्हाड

आमच्या घरमालकांसारखा घरमालक अख्ख्या नाशकात दुसरा झाला नाही. सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत भाडेकरू एकदा आत शिरला की कोर्टकचेऱ्या करूनही हलत नसे, म्हणून बाकीचे घरमालक धास्तावलेले असत. आमचे घरमालक काका मात्र जन्मात न हलणारा भाडेकरू शोधत होते!

आम्ही तेव्हा जागा बघत हिंडत होतो. आमचे हे सातपूरला कारखान्यात, मी शाळेत बाई. आमचं आडनाव ऐकलं की घरमालकांना एकदम आपल्याकडे गावाहून राहायला येणारे पाहुणे आठवायचे आणि जागा जायची. काकांनी आडनाव विचारलंच नाही. "बदलीची नोकरी आहे का? प्लॉटबिट घेतलाय कुठे? नाही ना? मग बसा," म्हणाले आणि आम्हाला बाळूशेजारी बसवलं. बाळू त्यांचा एकुलता एक मुलगा. वय तिशीचं, समज चार वर्षांच्या पोराची, आई वारलेली. त्यानं आपल्या बशीतला चहा माझ्या बशीत ओतला आणि "पी" म्हणाला. मी प्यायले. झालं, जागा मिळाली! आमच्या आधी बँकेतले एक साहेब आले होते म्हणे. बाळूनं त्यांच्या बाहीला तोंड पुसलं, त्यांनी हात झटकला, आणि काकांनी त्यांना उभ्या उभ्याच वाटेला लावलं.

भाडं वाढवणं काकांना ठाऊक नव्हतं. नळ गळला तर आम्ही सांगायच्या आत माणूस घेऊन हजर. पण मागच्या खोलीतल्या बिऱ्हाडानं अंबडला प्लॉट घेतल्याचे पेढे आणले, तेव्हा त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. आठ दिवस आमच्याशीसुद्धा बोलले नाहीत. मी चिडलेच. म्हटलं, "अहो काका, लोकांनी काय जन्मभर तुमच्या खोलीत कुजायचं?"

काका म्हणाले, "बाई, घर बाळूच्या नावावर केलं तर पुतणे एका दुपारी त्याचा अंगठा घेतील. पुतण्यांच्या नावावर केलं तर हा दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. नुसता पैसा ठेवला, तर पैसा काय त्याला भात कालवून देणार आहे?"

शेवटच्या आजारात त्यांनी वकिलांना मृत्युपत्र लिहायला घरी बोलावलं. बाळू आहे तोवर घर विकायचं नाही, आम्हाला काढायचं नाही, भाडं बाळूवरच खर्च करायचं, बाळूनंतर घर पुतण्यांना आणि तोवर सगळं बाईंनी बघायचं. वकील म्हणाले, "काका, असं लिहून दिलंत तर हे लोक कधीच निघायचे नाहीत!"

काका उशीवरून उठून बसले. "अहो, मग इतकी वर्षं मी करतोय काय?"

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. ह्यांच्या कंपनीच्या सोसायटीत घरासाठी आमचंही नाव लागल्याचं त्यांच्या कानावर गेलं असणार. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, जाणार का हो?" मी ह्यांना विचारायलासुद्धा थांबले नाही. "नाही जाणार, काका," म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

काका गेले. सोसायटीतलं घर आम्ही भाड्यानं दिलं आणि बाळूला भात कालवत तिथंच राहिलो. ऐंशीचं दशक सरता सरता बाळू तापानं गेला. पुतणे भांडणाच्या तयारीनंच आले. कोर्टात गेले असते तरी आम्हाला हलवायला त्यांना वर्षानुवर्षं लागली असती. पण कुणासाठी राहायचं? मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

आता आम्ही स्वतःच्या घरात राहतो. दारावर आमचं नाव आहे. पण खरं सांगू? मला इथंच भाड्यानं राहिल्यासारखं वाटतं.