माळावरची जोडी

महामार्गावरच्या गाड्या थांबल्या त्या उन्हाळ्यात आमचा ढाबाही थांबला. नळदुर्गच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच होता तो. मी आत भाकरी थापायची आणि मालक, म्हणजे माझा नवरा, गल्ल्यावर बसायचे. रोगाच्या भीतीनं सगळं बंद झालं, आणि त्याच सुमारास धाकटा दीर आणि जाऊ पुण्याहून परत आले. दिराच्या कारखान्याला कुलूप लागलं होतं.

मला वाटलं, ही दोघं आता तोंड पाडून बसतील. खरं तर तसं व्हावं असंच मनात होतं. लग्न झाल्यापासून जाऊ शहरात आणि मी चुलीपुढं. दिवाळीला यायची ती नव्या साडीत, आणि आल्या आल्या सगळी तिच्याभोवती गोळा व्हायची. आता झाली आपल्यासारखीच, असं वाटून मला जरा गार वाटलं. पण गावात रोजगार हमीचं काम निघालं. पावसाचं पाणी मुरावं म्हणून माळावर चर खोदायचे होते. पहिल्या दिवशीच ही दोघं तिथं हजर.

काम जोडीनं चालायचं. दीर कुदळीनं खोदायचा, जाऊ घमेल्यानं माती काठावर टाकायची. ढाब्याच्या मागच्या दारातून माळ सरळ दिसायचा. दुपारी ती दोघं बाभळीखाली एकाच फडक्यावर भाकरी मांडून बसायची. तो काहीतरी बोलायचा आणि ती तोंडावरचा पदर बाजूला सारून हसायची. इतकं काय हसण्यासारखं असायचं, ते लांबून कळत नव्हतं. मालक आणि मी इतक्या वर्षांत कधी एका वेळी जेवलो नव्हतो. मी दार लावून घ्यायची आणि थोड्या वेळानं परत उघडायची.

ढाबा बंद असला तरी बाहेरच्या बाजेवर माणसं बसायचीच. गावातले एक मोठे बागायतदार तोंडाला रुमाल बांधून रोज यायचे.

"सरकार लोकांना ऐदी करतंय," ते म्हणायचे. "राशन फुकट, वर माती उकरायची मजुरी. माझ्या उसात खुरपायला आता कोण येणार?"

मालक मान डोलवायचे. मी चहा देता देता म्हणायची, "खोदत्यात कुठं? सावलीला बसून हसत्यात नुसती." असं बोललं की बरं वाटायचं. फार वेळ मात्र नाही.

एका संध्याकाळी दीर आला.

"दादा, तुमी दोघंबी या की कामाला. मागंल त्याला काम हाय. तुमच्या घरात पीठ सरत आलंय, मला दिसत न्हाय व्हय?"

"ढाब्याचा मालक घमेलं उचलणार?" मालक म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"मग वैनीला तरी येऊ द्या."

"तिला काय गरज हाय?"

"मी येते," मी म्हणाले. पिठाचं कारण होतंच. पण त्याहून जास्त, ती दोघं कशाला हसतात ते मला जवळून बघायचं होतं.

मी माळावर गेले तेव्हा मालक माझ्याशी बोलत नव्हते आणि मला जोडीला कुणी नव्हतं. जाऊ पुढं आली. "अक्का, तुमी माझ्यासंगं चला. ह्यांना कुणीबी चालंल." ज्याची कणगी भरलेली असते तो शेजाऱ्याला पायलीभर ज्वारी देतो, तितक्या सहज तिनं आपला माणूस सोडला. तिचा हा चांगुलपणाच मला सोसेना.

"कुदळ एवढी आवळू नका अक्का, फोड येतील," ती म्हणाली. मी आणखी आवळून धरली. दुपारपर्यंत दोन्ही तळहात सोलले.

जेवायला त्यांनी मला फडक्यावर बोलावलं. दीर त्यांच्या पुण्याच्या खोलीत शिरणाऱ्या एका मांजरीबद्दल सांगत होता. ती दूध पिऊन त्याच्याच उशीवर झोपायची. बस्स, एवढंच. एवढ्यावर माणसं हसत होती, हे मला जास्तच झोंबलं.

पुढं बागायतदारांनी वर तक्रार केली, की काम नुसतं कागदावर आहे. एक साहेब टेप घेऊन आले. मागून बागायतदार आणि त्यांच्यासोबत मालकही आले. साहेबांनी चर मोजले. लांबी, खोली, सगळं बरोबर भरलं. बागायतदारांना ते रुचलं नाही. त्यांनी चरात उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट केलं.

"साहेब, ही ढाबेवाल्याची बायको. चांगल्या घरची. हिला काय कमी हाय? गरजवंताचं असं मारून खात्यात हे लोक."

सगळी मालकांकडं बघायला लागली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"घरात पीठ न्हाय," ते खाली बघत म्हणाले. "ढाबा बंद हाय. गरज हाय म्हणूनच आलीय ती."

सख्ख्या भावापुढं जे कबूल केलं नव्हतं, ते त्यांनी चारचौघांत माझ्यासाठी सांगितलं. मला लाज वाटायला हवी होती. पण मी आधी वळून पाहिलं, जावेनं ऐकलं का. तिनं ऐकलं होतं. साहेब पुढच्या चराकडं गेले आणि मी कुदळ उचलली.

पुढं कारखाने सुरू झाले, ती दोघं पुण्याला परतली. जळजळ गेली असं मी म्हणणार नाही, पण ती दोघं गेल्यावर माळ मोकळा वाटला नाही, ओका वाटला. ट्रकही धावू लागले. मालक मला बोलवायला माळावर आले.

"अजून दोन चर ऱ्हायलेत," मी म्हणाले. "संपवून येते."

"अन् भाकरी कोण थापंल?"

"तुमी बघा."

त्या आठवड्यात आमच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांना नुसता चहा आणि भजी मिळाली.