माझ्या पायातले जंतू आणि शकू

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले नाही. "ताप होता का?" एवढंच विचारलं. माझा मुलगा सुनील फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "दोन दिवस होता म्हणे. पण डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. खुर्चीत बसल्या जागी गेली आत्या." हृदयाचं मी ऐकलंच नाही. ताप तेवढा ऐकला. आठच दिवसांपूर्वी ती माझ्या घरून नाशिकला परत गेली होती. दीड महिना तिनं माझ्या पायाची जखम धुतली होती, आणि त्या जखमेत असे जंतू होते की साध्या औषधानं ते मरत नव्हते. माझ्या मनात एकच आलं... हे माझ्याकडून गेलं तिला.

शकू म्हणजे शकुंतला, माझी धाकटी नणंद. लग्न होऊन मी निफाडजवळच्या या मळ्यात आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत. ती फार गोड होती असं काही मी म्हणणार नाही. तोंडाळ होती, हट्टी होती, आणि भाकरी तिला शेवटपर्यंत धड थापता आली नाही. तिचं लग्न टिकलं नाही. मग ती नाशिकला एका रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली आणि वय होईपर्यंत तिथंच राहिली. तिथं काचेच्या चपट्या बशांमध्ये जंतू वाढवतात. वापरलेल्या बशा मोठ्या कुकरसारख्या यंत्रात घालून, जंतू मारून मगच धुवायच्या, हे तिचं काम. धुता धुता ती बघायला शिकली. कोणत्या बशीत काय उगवलंय ते शिकलेल्या पोरी आपल्याला विचारतात, असं ती सांगायची. मला ती थाप वाटायची.

गेल्या छाटणीच्या वेळी द्राक्षाच्या मांडवाची गंजकी तार माझ्या पायात घुसली. मला साखरेचा आजार आहे. सुनीलच्या दाढेच्या उरलेल्या गोळ्या घरात होत्या, त्यातल्या तीन घेतल्या. बरं वाटलं, थांबले. पुन्हा पू झाला तेव्हा दुकानातून पाकीट आणलं. त्यातल्या चार मी घेतल्या, चार शेजारणीला तिच्या खोकल्यासाठी दिल्या. आमच्याकडे असंच चालतं. उरलेलं औषध कोणी टाकून देत नाही. तिसऱ्या खेपेला मात्र गोळ्यांनी काहीच होईना. अंगठा निळा पडला, पाऊल सुजून पपईसारखं झालं. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, आणि उशीर झाला तर पाऊलही. दुसऱ्या दिवशी शकू पिशवी घेऊन हजर. आल्या आल्या तिनं विचारलं, "पू तपासला का आधी?" तपासला नव्हता. डॉक्टरांना सांगून तिनं तो आपल्या जुन्या लॅबमध्ये पाठवला आणि तीन दिवसांनी मोबाईलवर आलेला फोटो माझ्या नाकासमोर धरला.

"ही बघ वहिनी, तुझी बशी."

फिकट जेलीवर सायीसारखा थर होता. तो थर म्हणजे माझ्या पायातले जंतू. त्यावर टिकलीएवढे गोल कागद ठेवलेले, प्रत्येक कागदात वेगळं औषध. औषध चाललं तर कागदाभोवतीचे जंतू वाढत नाहीत आणि तिथं स्वच्छ गोल दिसतो. माझ्या बशीत साय थेट कागदांना येऊन चिकटली होती. एकाच कागदाभोवती गोल होता.

"लय माजलेत मेले," मी म्हणाले.

"तूच पोसलेत. सुनीलला द्राक्षावरच्या भुरीवर अर्ध्या मापाचं औषध मारू देशील?"

"मारून तर बघू दे, तंगडं मोडीन त्याचं."

"का गं?"

"अर्ध्यानं भुरी मरत नाय. उरलेली सोकावती. मग पुढच्या फवाऱ्याला जुमानत नाय."

"मग ही अक्कल फक्त द्राक्षाला? पायाला नाही?"

बागेत पानांवर भुरीची पांढरी बुरशी पडली की औषधाचं माप मी स्वतः उभी राहून बघते. तेच औषध सारखं सारखं मारू देत नाही. आणि स्वतःच्या पायाला तीन गोळ्या, चार गोळ्या... शकूनं मग नीट समजावलं. औषध मध्येच सोडलं की मवाळ जंतू मेलेले असतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचंच रान माजतं. वर ते औषधातून वाचायची युक्ती एकमेकांना देतात. "शेजारणींसारखे," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

ज्या औषधाभोवती गोल होता त्याची इंजेक्शनं सुरू झाली. पट्टी शकूच बदलायची. आधी कोपरापर्यंत हात धुवायची, मग हातमोजे, पट्टी झाली की परत हात. मलाही धुवायला लावायची. पण एके दिवशी हातमोजे संपले, सुनील बाहेरगावी होता, आणि पट्टी तर भिजलेली. "बसून काय राहू?" म्हणत तिनं उघड्या हातांनी जखम साफ केली. आदल्याच दिवशी कांदा चिरताना तिचं बोट विळीवर कापलेलं होतं. मी पाहिलं आणि गप्प बसले. पाय वाचवायचा होता मला. पाय वाचला. अंगठाही वाचला. ती नाशिकला गेली, आणि आठ दिवसांनी तो फोन.

दहा दिवस मला अन्न गेलं नाही. लोकांना वाटलं, नणंदेवर केवढी माया. माझ्या डोळ्यांपुढे ते कापलेलं बोट होतं.

दहाव्याला शकूच्या लॅबमधली शबाना आली. तिनं मला बाजूला घेतलं. "तापाच्या पहिल्याच दिवशी मावशी आमच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, माझं रक्त तपासायला लाव. पाच दिवस ठेवलं आम्ही. काहीच उगवलं नाही. ताप साधा होता, आजी. त्या हृदयानंच गेल्या."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

पोरगी ओढणीनं डोळे पुसत हसली. "मावशी म्हणाल्या होत्या, माझं काही बरंवाईट झालं आणि रक्तात काही उगवलं, तर वहिनीला कळू द्यायचं नाही. नाही उगवलं तर जाऊन सांगायचं. पण नुसतं तोंडी नको, ती खवट आहे, कागद बघितल्याशिवाय मानायची नाही."

माझ्या भीतीबद्दल मी शकूजवळ एक अक्षर काढलं नव्हतं. तिनं ती माझ्या गप्प बसण्यातूनच ओळखली असणार. शबानानं पिशवीतून रिपोर्टचा कागद काढून माझ्या हातात दिला. मग मी हात धुतले आणि पंगतीत जाऊन पोटभर जेवले. बायका बघत होत्या. बघू देत.

आता महिना होऊन गेला. तो कागद इंग्रजीत आहे आणि मी चौथी शिकलेली, त्यामुळे मला वाचता येत नाही. काहीच उगवलं नाही असं जिथं लिहिलंय त्या शेवटच्या ओळीखाली शबानानं निळ्या पेनानं रेघ मारून दिली आहे. कागद मी साखरेच्या गोळ्यांच्या डब्यात, झाकणाखाली घडी घालून ठेवला आहे. सकाळी डबा उघडते, घडी सोडून रेघ बघते, गोळी घेते आणि बागेत जाते.