म्हशीची प्रार्थना आणि नातीची

माझ्या सासूबाई देवाकडे मागतात ते वॉर्डबॉयला काम सांगितल्यासारखं. नोकरीभर त्या आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गाव त्यांना नर्सबाईच म्हणतं, आणि हुकूम सोडायची त्यांची सवय काही निवृत्त झालेली नाही. मी लग्न होऊन नगरकडून इथे, वाशिम जिल्ह्यात आले, त्याच आठवड्यात समोरच्या घरची म्हैस व्याली आणि उठेचना. घरची बाई धावत आमच्या दारात आली.

"नर्सबाई, डॉक्टर सुई देऊन गेला, पन ते काही उठून नाई राह्यली. तुमी जरा तुमच्या देवाले सांगा ना."

सासूबाईंनी हाताचं पीठ झटकलं, समोरच्या गोठ्यात गेल्या आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "प्रभू, हिले उठव. आजच उठव. घरात लहान लेकरं हायेत, दूध लागते. येशूच्या नावानं मांगते. आमेन."

झालं, एवढंच. म्हशीच्या कपाळाला हळदकुंकू, खुंट्यापाशी अगरबत्ती, आणि वर हे आमेन. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. माझ्या माहेरी प्रार्थना म्हणजे ताटातला भात निवेपर्यंत चालायची, आणि तिच्यात निम्मे शब्द असे असायचे की जे एरवी कुणी तोंडातून काढत नाही. मी ओढणी तोंडाला लावून हसले. म्हैस दुसऱ्या दिवशी उठली, आणि आमच्याकडे चिकाचं दूध आलं.

दरवेळी मिळायचंच असंही नाही. एका घरच्यांच्या बोअरसाठी त्यांनी "पाणी लागू दे, अन् गोडं लागू दे" असं ठणकावून मागितलं, तर खालून नुसती धूळ आली. सासूबाई दुसऱ्या दिवशी त्याच घरी जाऊन चहा पिऊन आल्या. "मांगतलं होतं, नाई भेटलं," म्हणाल्या, "पुन्हा मांगू." त्यांना त्याची लाजही वाटली नाही आणि देवाचा रागही आला नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. गावात कुणाची सून अडली, कुणाच्या पोराची परीक्षा आली, की लोक आधी आमच्या ओट्यावर येत, आणि त्या प्रत्येकासाठी नेमकं काय हवं ते मागत. आडवळणानं काही नाही.

मग आमच्या मुलीचं निघालं. ती पाच वर्षांची होती. अंगणात पळता पळता मध्येच थांबायची आणि ओठ मिटून नुसती उभी राहायची. आम्हाला वाटायचं, लाडावली आहे. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, मग पुन्हा लावली, आणि मला बाजूला बोलावलं. पुढे वाशिम, मग अकोला, मग नागपूर. हृदयाला छिद्र आहे, मोठं आहे, ऑपरेशन करावं लागेल. खर्च सरकारी योजनेत बसला. नाताळ झाला की या, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे तोवरचा सगळा हिवाळा हातात होता, आणि तो मला खायला उठला होता.

आमच्यात संध्याकाळी जेवणाआधी घरची प्रार्थना असते. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, उतारा आमचे हे वाचतात, प्रार्थना सासूबाई करतात. नागपूरहून परत आलो त्या संध्याकाळी मी डोळे मिटून बसले आणि वाट पाहत राहिले. मला त्यांचा तो हुकूम ऐकायचा होता. हिले बरी कर, छिद्र बुजव, ऑपरेशन नीट होऊ दे, काहीतरी. पोरगी माझ्या मांडीवर होती.

सासूबाई म्हणाल्या, "प्रभू, हे पोर तुह्यं हाय. तुह्या मनासारखं होऊ दे. आमेन."

मला वाटलं, दमल्या असतील. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अगदी तेच शब्द, आणि पटकन, हात भाजल्यासारखे. दर संध्याकाळी मी तेवढं ऐकायची आणि पोरीला आणखी जवळ ओढायची. देवाच्या मनात काय आहे हे मला कुठे माहीत होतं? तेच तर घाबरवत होतं.

मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "आईची पद्धत आहे ती. घरच्यांसाठी ती तशीच करते." ह्यांच्या दहावीला, ह्यांच्या अपघाताला, सासऱ्यांच्या शेवटच्या आजारातही म्हणे हेच वाक्य होतं. महिन्यातून एकदा वाशिमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी यायचे, त्यांनाही मी विचारलं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, हीच तर मोठी प्रार्थना. प्रभूनेसुद्धा क्रूसावर जायच्या आदल्या रात्री, बागेत, शेवटी पित्याची इच्छाच मागितली."

मी म्हटलं, "शेवटी मागितली, साहेब. आधी हा दुःखाचा प्याला नको म्हणाला. घाम गाळून म्हणाला. आमच्या सासूबाई आधीचं म्हणतच नाहीत."

पाळकसाहेबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि ते वाशिमची गाडी गाठायला उठले. माणूस चांगला आहे, पण माझ्या तोंडी लागायचं ते टाळतात.

कुणी विचारेल, तू स्वतः का नाही मागितलंस? मागायला बसायची. "हे प्रभू" म्हटलं की पुढचं सगळं रडण्यात जायचं. म्हणून तर मी सगळा भार सासूबाईंच्या त्या एका वाक्यावर टाकला होता, आणि ते वाक्य काही मला पेलत नव्हतं.

एक दिवस दुपारी आम्ही दोघी ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. सोल्याची, म्हणजे ह्या ओल्या दाण्यांची, भाजी पोरीला आवडते. तेवढ्यात पलीकडच्या आळीतली बाई आपल्या मुलाला घेऊन आली. त्याची पोलीस भरतीची दौड होती. सासूबाईंनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू, याच्या पायात जोर दे. दम टिकू दे. याले पास कर." ती दोघं खूश होऊन गेली. सासूबाई परत खाली बसल्या आणि शेंगा घेतल्या.

माझा तोल गेला. मी हातातल्या शेंगा सुपात आपटल्या.

"म्हशीसाठी मागता येतं तुम्हाला. भरतीसाठी येतं. माझ्या पोरीसाठीच तोंड का शिवलं जातं, आई? ती तुमची कुणी नाही का?"

मला वाटलं, आता चांगलंच ऐकून घ्यावं लागणार. त्या शेंगा सोलत राहिल्या. सोललेले दाणे टोपल्यात आणि टरफलं सुपात, असं चाललं होतं, आणि मग मी पाहिलं की त्या दाणे टरफलांत टाकत होत्या.

"माही एक पोरगी होती," त्या म्हणाल्या. "तुह्या नवऱ्याच्या आधीची."

ह्यांच्या आधी एक मूल होऊन गेलं, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यापुढे घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"तापानं फणफणली होती. मी नर्स, अन् माह्याच घरात. मले येत होतं ते सारं केलं, दवाखान्यात नेलं. अन् मांगतलं. माय, काय सांगू तुले, कसं मांगतलं! पदर पसरला, डोकं आपटलं. हे एक दे, म्हटलं, पुन्हा कधी काही मांगत नाई. नाई देल्लं त्यानं."

मी सूप बाजूला सारून त्यांच्याजवळ सरकले.

"लोकाईसाठी मांगाले भेव नाई वाटत. नाई भेटलं तं नाई भेटलं. पन आपल्यासाठी मांगतलं, अन् त्यानं पुन्हा नाई म्हटलं, तं मंग मी त्याच्याकडे पाहू कशी? भांडन होईन माह्यं त्याच्याशी. अन् त्याच्याशी भांडन झालं तं मले दुसरं कोन हाय वं?"

इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, सासूबाईंचा विश्वास म्हणजे दगडी भिंत. आणि ही बाई रोज संध्याकाळी देवासमोर जीव मुठीत धरून बसत होती. जो म्हशीला उठवू शकतो तो नातीला उठवू शकतो, याची त्यांना खात्री होती. शंका होती ती त्याच्या प्रेमाची. आपण रागावलो, जाब विचारला, तर ते पुरेल की नाही, याची. मला त्यांची फार दया आली. पण माझा स्वभाव माझ्यापाशीच. दया आली म्हणून मी माघार घेतली नाही.

"भांडण होईल तर होऊ दे, आई," मी म्हटलं. "तुम्ही माझ्याशी रोज भांडता. मी गेले का सोडून?"

त्यांनी नाक पुसलं. "जाशीन कुठं? नगरची येष्टी सकाळीच असते," म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी मिळून टरफलांतून दाणे निवडले. त्या संध्याकाळी प्रार्थनेत मात्र पुन्हा तेच वाक्य आलं. मी ताटं वाढायला उठले.

नाताळ झाला आणि निघायचा दिवस आला. नागपूरच्या दवाखान्यात आईबापांशिवाय कुणाला राहू देत नव्हते, म्हणून सासूबाई आम्हाला पोचवायला कारंजापर्यंत आल्या. स्टँडवर ही गर्दी. पोरगी आजीने घेतलेलं केळं खात होती. नागपूरची गाडी लागली, हे बॅगा घेऊन वर चढले आणि जागा धरली. मी पोरीला उचलून पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड धरला.

"थांब वं जराशी."

त्यांनी पोरीच्या स्वेटरवर, बरोबर छातीवर, हात ठेवला. डोळे मिटले नाहीत. माझ्या डोक्यावरून कुठेतरी वर बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "प्रभू, मले हे पोर पाह्यजे. ऐकून राह्यला ना तू? मले हे जित्तं पाह्यजे. हिचं छिद्र बुजव अन् हिले माह्या घरी वापस आण. तुह्या मनात दुसरं काही असंन तं ते बदलव."

लोक वळून पाहायला लागले. कंडक्टर दारातून ओरडत होता, "चला, चला, कारंजा-नागपूर," तोही थांबला. सासूबाईंनी हात काढला नाही. त्यांना पुढे काहीतरी म्हणायचं होतं, पण ओठ हलेनात. पोरीनं अर्धं केळं आजीच्या तोंडापुढे धरलं.

"येशूच्या नावानं," त्या कशाबशा म्हणाल्या. आमेन कंडक्टरच्या बेलमध्ये गेलं.

गाडीत बसल्यावर मी रडले, पण ते रडणं निराळं होतं. कुणीतरी माझ्या वतीनं नीट, सरळ बोललं होतं. त्यानंतर मलाही बोलता यायला लागलं. ऑपरेशन चाललेलं असताना बाहेरच्या बाकावर बसून मी ह्यांच्या देखत देवाशी मोठमोठ्यानं बोलत होते, आणि एरवी माझ्या आवाजाला दबकणारे हे माझा हात धरून बसले होते.

ऑपरेशन नीट झालं. देवानं केलं की सर्जननं, असं मला काही जण विचारतात. मला त्या दोघांत भांडण दिसत नाही. पोरगी घरी आली. छातीवर मधोमध उभी खूण, आणि ती दाखवायची तिला भारी हौस. बघता बघता अंगणात पळायला लागली.

मग आम्ही घरी उपकारस्तुतीची प्रार्थनासभा ठेवली. वाशिमची मंडळी आली, समोरच्या म्हशीवाल्या बाईंपासून सगळी आळी आली, मांडवात सतरंज्या कमी पडल्या. गाणी झाली, पाळकसाहेब बोलले आणि म्हणाले, आता आजीबाई आभाराची प्रार्थना करतील. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "प्रभू, नातीले वापस आणलं. उपकार. लय उपकार," म्हणाल्या. आणि थांबल्या. लोकांना वाटलं, झालं; एकदोघांनी आमेनही म्हटलं. पण त्या बसल्या नाहीत.

"पन माह्या पोरीले तवा काहून नाई देल्लं?"

पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

"तवाबी मी मांगतलंच होतं. असंच मांगतलं होतं. तुले राग येईन म्हनून इतके वर्स मी इचारलं नाई. आता इचारून राह्यली. आज नाई सांगत तं नको सांगू, तुह्याजवळ आली का मंग सांगजो. मी इचारल्याबिगर राहनार नाई. तवरोक तिले सांभाळजो. तिले अंधाराचं भेव वाटते."

आणि मग त्यांनी, कुणाला सांभाळायचं ते देवाला नीट कळावं म्हणून, तिचं नाव घेतलं.

माझ्या नणंदेचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. हे आईकडे बघत होते, आणि ओठातल्या ओठात ते नाव म्हणून पाहत होते. त्यांनाही ते माहीत नव्हतं.