गवताची उरलेली गोष्ट

विल्सन गेल्याचा फोन आला तेव्हा आधी आठवली ती माझी चूक. रडू नंतर आलं. माझ्या बालमित्राच्या बोलण्याला मी कात्री लावली होती आणि त्याची माफी मागायची राहून गेली होती...

विल्सन आमच्या अंधेरीच्या गावठाणातला. बापाची भातशेती होती, तिथे आता टॉवर आहे. मुलगा मात्र गवताच्या मागे थेट हिमालयात गेला. जिथे झाडंसुद्धा वाढत नाहीत, त्या उंचीवरच्या कुरणांत तो दर उन्हाळ्यात जायचा. गवताभोवती वरून उघड्या, पारदर्शक पेट्या ठेवायचा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा जराशी उबदार राहायची. जग तापल्यावर त्या गवताचं काय होईल, हे त्याला आधीच बघायचं होतं. परत आला की नुसता उसळत असायचा. "अरे पक्या, पेटीतलं गवत घोट्याच्या वर आलं, बाहेरचं अजून झोपलंय! बस, सांगतो!"

एका नाताळात, त्याच्या पडवीत टांगलेल्या कागदी चांदणीखाली, मी त्याचा व्हिडिओ काढला. "उष्णता वाढली की बर्फ लवकर वितळतो, वाढायला दिवस जास्त मिळतात, गवत जोमानं येतं! हवेतला कार्बन जास्त ओढून घेतं!" हात नाचवत तो सांगत होता. आतून त्याची बायको सँड्रा ओरडली, "ओ गवतवाले, जेवण थंड होतंय!"

मला इतका अभिमान वाटला की तेवढाच तुकडा कापून मी आमच्या ग्रुपवर टाकला. लांबलचक व्हिडिओ कोण बघतो? वर लिहिलं, 'आपला विल्सन म्हणतो, घाबरू नका, डोंगर हिरवे होणार!'

तो तुकडा कुठल्या कुठे फिरला. पुढच्या उन्हाळ्यात त्या कुरणातून रस्ता न्यायचा की नाही, यावर तिथल्या गावात बैठक होती. ही माती उकरू नका, हे सांगायला विल्सन उभा राहिला, तर एकानं मोबाइल वर धरून त्याचाच आवाज त्याला ऐकवला. लोक हसले. पुढचं कुणी ऐकलंच नाही.

परत आल्यावर मला म्हणाला, "येड्या, 'पण'च्या आधीच कापलंस ना!"

"सोड ना यार, किती लोकांनी बघितलं ते बघ!"

तो हसला. पण त्यानंतर माझ्याशी गवताबद्दल बोलायच्या आधी तो माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघायचा...

परवा चर्चमधल्या त्याच्या महिन्याच्या मिस्सानंतर आम्ही त्याच पडवीत बसलो होतो. तिथे त्याची एक तडकलेली पेटी आहे, सँड्रा तिच्यात पुदिना लावते. तिनं विचारलं, "त्याचा आवाज आहे का रे तुझ्याकडे?" मी त्या पेटीला मोबाइल टेकवला आणि पूर्ण व्हिडिओ लावला.

"पण! खरी गंमत पुढेच आहे," पडद्यावरचा विल्सन जवळजवळ उडी मारून म्हणाला. "वरची माती म्हणजे थंडगार फ्रिज. वर्षानुवर्षांची मेलेली मुळं, पानं तिच्यात धड न कुजता पडून आहेत. उष्णता वाढली म्हणजे फ्रिजची लाइट गेली! मग सँड्राच्या सुरमईचं काय होतं? तसंच! सगळं कुजायला लागतं, साठलेला कार्बन हवेत. त्यात माती सुकली तर गवतही दमतं. वर हिरवंगार, खाली फ्रिज नासतोय! किती आलं, किती गेलं, तेच तर मोजतोय मी. झकास ना?"

मग तो कॅमेऱ्याजवळ वाकला. "सगळं आलं ना रे? बघ हां, मधेच कापू नकोस."

सँड्रा हसली आणि हसता हसताच तिनं डोळ्यांना पदर लावला. "तेव्हाच सांगितलं होतं त्यानं तुला."

बैठकीत मोबाइल वर धरणाऱ्या त्या माणसाचा नंबर विल्सनच्या फोनमध्ये होता, तो मी तिच्याकडून घेतला. तिथेच बसून पूर्ण व्हिडिओ आधी त्याला आणि मग आमच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'मागचा तुकडा मी कापला होता. चूक माझी, विल्सनची नाही. माफ कर रे विल्सन. या वेळी शेवटपर्यंत ठेवलंय.'