रंजनाचा डोळा आणि आक्काची जीभ

रंजनाच्या डोळ्यात पडणारे थेंब कुणी लिहून दिले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या दवाखान्यात सोळा वर्षं काम करणाऱ्या सुरेशभाऊंनाही नाही. सुरेशभाऊंना ते कळलं असावं. पण त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी विषय काढला नाही.

पहिल्यांदा दाखवून गेली त्याच्या सातव्या दिवशी रंजना परत आली, तेव्हा मी तिला स्लिट लॅम्पवर घेतलं. हनुवटी टेकवून बसवतात ते मशीन. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. तो ह्या मशीनवर थराथरानं बघता येतो. रंजनाच्या उजव्या कॉर्नियाच्या बरोबर मधोमध करडा-पांढरा डाग होता. कोरडा, कडा पिसासारख्या विसकटलेल्या. डोळ्याच्या आत खाली पू साचून त्याची आडवी रेघ झाली होती.

हे फंगस होतं. बुरशी.

"शेतात काही लागलं होतं का?" मी विचारलं.

रंजना नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा भिकन, एरंडोलच्या पुढच्या एका गावचा, घरची कपाशी. भिकन शेजारी उभ्या असलेल्या आपल्या म्हाताऱ्या आत्याकडे बघायला लागला. विधवा बाई, भावाच्याच घरी आयुष्य काढलेली. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं.

"कापूस येचता येचता बोंडनं टोक लागनं," रंजना हळूच म्हणाली. "मंग आक्कानी जीभ फिराई."

आमच्याकडच्या गावांत हे अजून चालतं. डोळ्यात कचरा गेला की गावातली एखादी जाणती बाई चूळ भरते, पापणी उलटते आणि जिभेच्या टोकानं कण अलगद उचलून घेते. आक्का चाळीस वर्षं हे करत होती. एक पैसा न घेता.

"मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"डाक्टर लोक रागे भरतस," आक्का म्हणाली. "म्हनीसन मीच तिले सांगं, बोलू नको."

तिनं निदान तोंडावर कबूल केलं. माझं काय होतं ते आता सांगतो.

त्याच्या सहा दिवस आधी रंजना पहिल्यांदा आली, तेव्हा जळगावात डोळे येण्याची साथ लांबली होती. ओपीडीत बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत माणसं. सगळे लाल डोळे. मी खुर्चीतूनच टॉर्च मारत होतो आणि कागद लिहीत होतो.

"साहेब, ह्या ताईंना मशीनवर घेऊ का?" सुरेशभाऊंनी विचारलं. "एकच डोळा लाल आहे."

"गर्दी बघा भाऊ. पुढचा घ्या."

साथीत बहुतेकांचे दोन्ही डोळे येतात. एकच डोळा लाल, बाई शेतात राबणारी, हंगाम कापूस वेचणीचा. काही लागलं का, एवढं विचारायला दहा सेकंद लागले असते. ते मी विचारलं नाही. तिला मी अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब लिहून दिले. दिवसातून सहा वेळा. पेशंटला दोन दिवसांत लाली गेलेली हवी असते आणि स्टिरॉइडनं ती जाते. आपलं नाव होतं. पण आत बुरशी असेल तर स्टिरॉइडसारखा वैरी नाही. शरीराची लढण्याची ताकद तिथल्या तिथे दबते. वरून डोळा निवल्यासारखा दिसतो आणि आत बुरशी मोकाट वाढते.

तिसऱ्या दिवशी भिकनचा फोन आला होता. "साहेब, लाली गई. तुमना हातले गुण शे!" मी खूश झालो होतो. थेंब चालू ठेवा म्हणालो होतो.

तर सातव्या दिवशी मी डाग खरवडून स्लाइड केली. मायक्रोस्कोपखाली धाग्यांचं जाळं दिसलं. शंका उरली नाही.

"डाक्टरसाहेब, डोया वाची ना?" रंजनानं विचारलं.

असा डोळा वाचणार की नाही, हे एका गोष्टीवर ठरत नाही. जंतू कुठला, ते बघावं लागतं. बॅक्टेरिया औषधाला लवकर दाद देतो, फंगस चिवट असतं. डाग कडेला असला तर बरं झाल्यावरही माणूस त्याच्या बाजूनं बघू शकतो, मधोमध असला तर खिडकीच बंद. किती खोल गेलाय, पेशंटला शुगर आहे का, किती दिवसांनी आला. आणि त्याच्याआधी त्या डोळ्यात काय काय पडलं. रंजनाला शुगर नव्हती, वय पस्तिशीच्या आत होतं. तिच्या बाजूनं होतं ते एवढंच. बाकीचं विरुद्ध होतं, आणि त्यातलं सगळ्यात वाईट माझ्या हातचं होतं.

"धुळ्याला जावं लागेल," मी म्हणालो. "आत्ताच. तिथे मॅडम आहेत, कॉर्नियाच्या सर्जन."

भिकननं पिशवीतून थेंबांची बाटली आणि माझा जुना कागद काढून टेबलावर ठेवला. "हाई चालू ठेवानं का?"

"नाही. बंद." मी दोन्ही वस्तू ड्रॉवरमध्ये सरकवल्या. सुरेशभाऊ दारात उभे होते. त्यांनी ड्रॉवरकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग भिकननं विचारलं, "पन साहेब, हाई कशामुये व्हयनं?"

तेव्हा खरं सांगायला माझ्याकडे एक क्षण होता. मला तो अजून आठवतो. मी आक्काकडे बोट दाखवलं नाही. फक्त म्हणालो, "डोळ्याला जीभ लावल्यावर दुसरं काय होणार?"

भिकन आत्याकडे वळला. आक्कानं पदर तोंडावर घेतला.

धुळ्याच्या मॅडमसाठी मी पत्र लिहून दिलं. बोंडाचं टोक लिहिलं, जीभ लिहिली, स्लाइडचा रिपोर्ट लिहिला. स्टिरॉइड लिहिलं नाही.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. मॅडम मला रेसिडेन्सीत सीनियर होत्या. पत्रावर विसंबून त्या काय करतील, ते मला दिसत होतं. फंगसचे थेंब चालू करून दोन दिवस वाट बघतील. स्टिरॉइड पडलेल्या डोळ्याला दोन दिवस नसतात. कॉर्निया वितळत जातो आणि फुटतो. इन्फेक्शन आत पसरलं की डोळा काढावा लागतो. मी फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. कळलं तर काय होईल? तक्रार, पेपरात नाव, दवाखान्याच्या काचा? मला रंजनाच्या डोळ्यासाठी भीती वाटत होती आणि स्वतःसाठीही. कुठली जास्त होती ते विचारू नका.

तीनच्या सुमारास लावला.

"मॅडम, त्या पेशंटच्या डोळ्यात स्टिरॉइड पडलंय. सहा वेळा, सहा दिवस."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"पत्रात का नाही लिहिलंस?"

"राहिलं."

"राहिलं? अरे, मी तिला औषधावर ठेवून परवा बघणार होते! म्हणजे डाग दिसतोय त्याहून खोल आहे. कुणी दिलं हे?"

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

"मेडिकलवाल्यानं दिलं असेल."

"ह्या लोकांना ना, रांगेत उभं करून फटकवायला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "ठेव. मला आय बँकेत फोन करू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्निया मधोमध फुगून फुटायच्या बेतात आला होता. नशिबानं आय बँकेत दान आलेला कॉर्निया मिळाला. मॅडमनी कुजलेला भाग गोल कापून काढला आणि तो बसवला. दुपारी त्यांचा फोन आला. "डोळा वाचला. नजरेचं सांगत नाही. तुझा फोन आला नसता तर आज मी तो काढला असता."

मला शाबासकी मिळाली होती. ती मी घेतली.

डोळा वाचणं आणि नजर वाचणं वेगळं. बसवलेला कॉर्निया काही महिन्यांत धुरकटला. रंजनाला त्या डोळ्यानं उजेड कळतो, हात हललेला कळतो. डोळा जागेवर आहे, तो अधू आहे हे समोरच्याला चटकन ओळखू येत नाही. ती चष्मा लावून शेतात जाते.

तपासणीला आणताना भिकन एकदा सहज म्हणाला, "आम्ही आक्कानी चूल येगळी करी दिन्ही. तिना हातनं पोरं पानी बी पेत नहीत." मी चष्म्याचा नंबर लिहीत होतो. लिहीत राहिलो.

मग एकदा आक्का एकटीच आली, एसटीनं. स्वतःचा मोतीबिंदू दाखवायला, असं म्हणाली. तपासून झाल्यावर उठेना.

"डाक्टरसाहेब, एक इचारू? चाळीस वरीस बठ्ठा गावना डोया साफ करात. मना जीभमा इतलं इख शे का?"

"जाऊ द्या आता ते, आक्का," मी म्हणालो.

ती हात जोडून निघून गेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली नाही.

डोळ्याला जीभ लावू नये, हे मी आजही सांगतो. त्यातून जंतू जातात. पण स्लाइडवर दिसलं ते कपाशीच्या शेतातलं फंगस होतं आणि त्याला सहा दिवस पोसलं माझ्या थेंबांनी. आता माझ्याकडे कुठल्याही लाल डोळ्याला मशीनवर घेतल्याशिवाय स्टिरॉइड मिळत नाही, गर्दी कितीही असो. रंजनाला त्याचा काही उपयोग नाही.

आणि हे इथे लिहिलं म्हणजे फिटलं, असंही नाही. आक्काला वाचता येत नाही. त्या गावात जाऊन, भिकन आणि रंजना समोर असताना, थेंब मी दिले होते हे आक्काला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून मी गेलेलो नाही.